तर, तर, तर आणि एक टाका

ऐका हं. हलायचं नाही.

एक होती शिंपीण. मुठीत मावेल एवढासा पक्षी. शेपटी वर, नजर इकडे, चोच तिकडे. टुइट टुइट, टुण टुण, दिवसभर हेच. एका जागी बसेल तर शपथ.

तिनं उंबराची दोन पानं शिवली. टाका, टाका, टाका. आत कापूस घातला. कापसात तीन अंडी. झालं घर.

मग आला वारा. भुर्र. पान हललं. टच्च. मधला टाका तुटला. घराला पडलं भोक. अंडी घरंगळून कडेला आली. शिंपीण झटकन खाली उतरली.

टुण टुण टुण, ती अंगणात आली. तिथं हौसाआत्या गोधडी शिवत होती. आता गोधडी अंथरली की मांजर आधी येऊन बसणारच. माऊ बसली होती, ती नेमकी दोऱ्याच्या रिळावर. आणि बसल्या मांजराला उठवायचं नाही, हा आत्याचा नेम.

"आत्या, आत्या, दोरा दे.
दोरा मिळाला, तर टाका घालीन.
टाका घातला, तर अंडी राहतील."

आत्या म्हणाली, "माऊ उठली, तर देईन."

टुण टुण टुण. माऊशी बोलायचं ते लांबूनच हं. कुंपणावरून.

"माऊ, माऊ, ऊठ.
माऊ उठली, तर आत्या दोरा देईल.
दोरा मिळाला, तर टाका घालीन.
टाका घातला, तर अंडी राहतील."

माऊनं एकच डोळा उघडला. "दूध मिळालं, तर उठेन."

टुण टुण टुण. गोठ्यात होती चांदी शेळी.

"चांदी, चांदी, दूध दे.
दूध मिळालं, तर माऊ उठेल.
माऊ उठली, तर आत्या दोरा देईल.
दोरा मिळाला, तर टाका घालीन.
टाका घातला, तर अंडी राहतील."

चांदी म्हणाली, "बेंऽ. पाला मिळाला, तर देईन."

वारा आला. भुर्र. पान हललं.

टुण टुण टुण. झाडाखाली तात्याआजोबा बसले होते. झोळीत बाळ, हातात झोळीची दोरी.

"तात्या, तात्या, पाला काढा.
पाला मिळाला, तर चांदी दूध देईल.
दूध मिळालं, तर माऊ उठेल.
माऊ उठली, तर आत्या दोरा देईल.
दोरा मिळाला, तर टाका घालीन.
टाका घातला, तर अंडी राहतील."

तात्या म्हणाले, "बाळ झोपलं, तर काढीन."

बाळ कसलं झोपतंय! ट्यांहां, ट्यांहां.

"बाळा, बाळा, झोप ना.
बाळ झोपलं, तर तात्या पाला काढतील.
पाला मिळाला, तर चांदी दूध देईल.
दूध मिळालं, तर माऊ उठेल.
माऊ उठली, तर आत्या दोरा देईल.
दोरा मिळाला, तर टाका घालीन.
टाका घातला, तर अंडी राहतील."

बाळ आणखी रडलं. शिंपीण आणखी ओरडली. टुइट टुइट. ट्यांहां. टुइट टुइट. ट्यांहां.

तात्या म्हणाले, "अगं बाई, बाळाला 'तर' कुठं कळतंय? तू गप्प बसलीस, तर झोपेल ते."

गप्प? आणि शिंपीण?

वारा आला. भुर्र. पान हललं. शिंपिणीचा जीव नुसता तळमळला. उडावं, पळावं, ओरडावं, असं झालं तिला. पण ती दोरीवर बसली. चोच मिटली. शेपटी खाली केली. एका जागी बसली. शपथ.

झोळी हलली, कुई कुई. बाळ तिच्याकडे बघत राहिलं. ती बाळाकडे बघत राहिली. बाळाचा एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला.

बाळ झोपलं, तात्यांनी पाला काढला.
पाला मिळाला, चांदीनं दूध दिलं.
दूध मिळालं, माऊ उठली.
माऊ उठली, आत्यानं दोरा दिला.

भर्रकन शिंपीण उंबरावर गेली. एक अंडं अगदी भोकाशी आलेलं. तिनं चोच आत घातली. सुर्र, दोरा ओढला. टाका घातला.

अंडी राहिली. तिन्ही राहिली.

पुढं त्यांतून तीन पिल्लं निघाली. आईवरच गेलेली. टुइट टुइट, टुइट टुइट, घर डोक्यावर घेतलं. शिंपीण किडा घेऊन आली. म्हणाली, "गप्प बसलात, तर देईन."

बसतील तर शपथ.

तिनं तसाच भरवला.