तान्हाबाईची खुडूक कोंबडी

एकदा काय झालं, टेकडीखालच्या एका गावात तान्हाबाई नावाची बाई राहायची. घर एवढंसं, आणि घरात काय, तर एक चूल न् एक तांबडी कोंबडी. नवरा केव्हाच देवाघरी गेलेला. गोदी नावाची लेक होती, पण दोघींचं पोट भरेना म्हणून तिला मावशीकडे ठेवलेली. लेकीला घरी आणायचं, एवढाच तान्हाबाईला ध्यास. शकू, पाय मारू नकोस गं, ऐक.

कोंबडी अंडी द्यायची. तान्हाबाई ती बाजारात विकून मीठ-मिरची आणायची. मग कोंबडी व्हायची खुडूक. म्हणजे बरं का, अंडी देणं बंद, नुसतं पिसं फुगवून कोपऱ्यात बसायचं. अंडी नाहीत म्हणजे मीठ नाही. मग तान्हाबाई तिला धरून गार पाण्याच्या घमेल्यात बुचकळायची. की कोंबडीचं खूळ उतरायचं, पुन्हा अंडी सुरू. एकदा बुचकळली, दुसऱ्यांदा बुचकळली.

तिसऱ्यांदा घमेलं भरलं, तशी कोंबडी चक्क बोलली. कोंबडी कशी बोलेल म्हणून विचारू नकोस, बोलली. म्हणाली, "बाई, लेक लांब म्हणून तू रोज रडतेस. मग मला का गं माझ्या पिल्लांवर बसू देत नाहीस?"

तान्हाबाईला इतकं वाईट वाटलं, की ती तिथंच बसून रडली. मग तिनं टोपलीत भुसा घातला, विकायला साठवलेली अंडी मांडली आणि कोंबडीला वर बसवली.

शेजारणी म्हणाल्या, येडी झालीस का, खाशील काय? खरंच होतं त्यांचं. पहिल्या आठवड्यात मिरची संपली. दुसऱ्यात मीठ संपलं. तिसऱ्यात पीठ तळाला गेलं, तेव्हा तिचा हात टोपलीकडे गेलाच. तोच आतून आवाज आला, चिव.

मग काय, पिल्लंच पिल्लं. मोठे झालेले कोंबडे तिनं विकले. त्यावर तांबडी काही बोलली नाही, वाढलेली पोरं आईला विचारतात थोडीच! तलंगा ठेवल्या, त्या अंडी देऊ लागल्या. तान्हाबाई थोडी अंडी विकायची, थोडी बसवायची. मग शेळी आली, शेळीला करडं झाली, आणि पिठाचा डबा काही रिकामा होईना.

मग ती मावशीकडे गेली. गोदीनं विचारलं, "आई, पुन्हा नाही ना पाठवणार?"

"नाही गं माझे बाई."

त्या संध्याकाळी तांबडी पिल्लांना पंखाखाली घेऊन बसली, आणि चुलीपाशी तान्हाबाई गोदीला पदराखाली घेऊन बसली. सुखानं राहिल्या सगळ्या. चला, शिरा गोधडीत. शकू, पाय गार पडलेत की तुझे, माझ्याकडे सरक.