आबांचा एकच फोटो

हे बाहेर सांगायचं नाही, असं आईने मला बजावलं आहे. एरवी मी चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून तिने पुढे फारसं लक्ष ठेवलं नाही. तर ऐका.

डोंगरवाडीत एक भोळा माणूस राहतो. भोळा हा आईचा शब्द. तो तिचा सख्खा भाऊ आहे, म्हणून मीही तोच वापरते. नाव दिगंबर, वय एकेचाळीस. एक दिवस त्याच्या मनात आलं, आपण फोटोग्राफर व्हायचं.

मुहूर्तही मिळाला. मामाचे वडील, म्हणजे आमचे आबा, ऐंशी वर्षांचे झाले. घरात सहस्रचंद्रदर्शनाची पूजा ठरली. आबांनी जन्मात कधी फोटो काढू दिलेला नाही. कुणी मोबाईल उचलला की ते पाठ फिरवतात. पण त्या दिवसापुरते कबूल झाले.

"एकच काढायचा. दुसरा मागायचा नाही."

मामा तालुक्याला निघाला. आई म्हणाली, "पहिलाच कॅमेरा आहे, दिगू. हातात धरून बघ. हलका असेल तो घे."

"बरं ताई, तसंच करतो."

मामाने दुकानातला एकेक कॅमेरा हातात धरला. सगळे जड. शेवटी एक अगदी हलका सापडला. तो घेऊन घरी आला. तो रिकामा खोका होता.

"अरे, दुकानदार काही बोलला नाही?"

"म्हणाला, हवा तर असाच न्या."

"आत काय आहे ते आधी उघडून बघायचं, दिगू!"

"बरं ताई, तसंच करतो."

दुसऱ्या खेपेला दुकानदाराने खरा कॅमेरा हातात दिला. मामाने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. चार स्क्रू सोडवले, आत डोकावला. "आहे, भरलेला आहे," म्हणाला. दुकानदाराने स्क्रू परत बसवले, तोच कॅमेरा मामाच्या गळ्यात अडकवला आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं.

आईने कपाळावर हात मारला. "नाजूक वस्तू ती! तान्ह्या बाळासारखी जपायची."

"बरं ताई, तसंच करतो."

पूजेच्या दिवशी सकाळी मामा कॅमेरा दुपट्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन बसला होता. दृष्ट लागू नये म्हणून त्याने काजळाची तीटही लावली होती. बरोब्बर काचेवर.

आईने पदराने काच पुसली. "कॅमेऱ्याचे कसले लाड करतोस? आज हे लाड आबांचे करायचे!"

"बरं ताई, तसंच करतो."

भटजींना उशीर झाला. आबा ओसरीवर खाटेवर आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. मामाने आहेरातलं कोरं पांढरं धोतर घेतलं आणि आबांना पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळलं. अगदी हलक्या हाताने. मग कॅमेरा घेऊन समोर उभा राहिला.

तेवढ्यात आबांची धाकटी बहीण, सुमनआत्या, पाहुण्यांना घेऊन पोचली. हातात सत्काराचा हार. खाटेकडे बघून तिने हंबरडा फोडला.

"दादा रे! आजच्या दिवशी?"

तिने हार आबांच्या छातीवर ठेवला. पाहुणे हात जोडून रांगेत उभे राहिले. कापड वर करून बघावं, असं एकालाही सुचलं नाही. मामा एकटाच भोळा नाही.

धोतर हललं. आतून आबांचा आवाज आला, "कोण मेलं रे?"

"आबा, हलू नका!" मामा ओरडला. आणि त्याने फोटो काढला.

आबा शब्दाचे पक्के. दुसरा फोटो मिळाला नाही.

मामाने तोच मोठा करून समोरच्या भिंतीवर लावला. त्यावर हारही घातला. परवा नवा पोस्टमन आला. फोटो पाहून त्याने टोपी काढली आणि खाली पेपर वाचत बसलेल्या आबांना हळूच विचारलं, "कधी गेले?"

आबांनी पान उलटलं. "दिगूने कॅमेरा आणला, त्याच दिवशी."

यावर तो पोस्टमन काय म्हणाला असेल? तो म्हणाला,

"मृण्मयी! कुणाशी बोलतेस गं एवढं? इकडे ये आधी!"

आले, आई! तर तो म्हणाला, की मग हे पत्र—