कोटावरच्या सह्या

सांगा बरं मंडळी, शहर कुणी बांधलं हे जाणून घ्यायचं तर भरवसा कुणावर ठेवायचा? बखर लिहिणाऱ्यावर, की दगड घडवणाऱ्यावर?

मणिपट्टणच्या धवलसेन राजाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. वेशीवर एक शिळा उभारायची आणि 'शहराचा कोट या थोरांनी बांधला' असं कोरून खाली नावं घालायची, असं त्याच्या मनात आलं. बखरनवीस विसाजीपंतांनी यादी केली. राजाचे पणजोबा, पणजोबांचे तीन मेहुणे, आणि कोट बांधून शंभर वर्षं झाली असली तरी शेवटी, जरा संकोचानं, स्वतः विसाजीपंत!

कोरायला धुळाप्पा पाथरवटाला बोलावलं होतं. पंतांनी यादी वाचली आणि धुळाप्पाची लेक चिमा फसकन हसली.

"हसायला काय झालं गं?" राजा गरजला.

"काही नाही, महाराज. एवढा कोट बांधला, पण दरबारातल्या तसबिरींत एकाही मेहुण्याच्या हाताला घट्टा दिसत नाही!"

राजा लालबुंद झाला. "अस्सं? मग उद्या दुपारपर्यंत खऱ्या बांधणाऱ्यांची नावं दाखव. एकूणएक! आणि तीही त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली! नाही जमलं तर बापाची छिन्नी जप्त आणि दोघं वेशीबाहेर!"

"मेलेली माणसं, त्यातून अडाणी," पंत खिदळले. "आता मसणातून उठून गिरवणार वाटतं!"

घरी येताच धुळाप्पानं कपाळाला हात लावला. "पोरी, तुझ्या जिभेनं गाव सोडायला लावलंस की!"

"आप्पा, रडू नका. गेरू भिजवा. चांगला घमेलंभर!"

दुसऱ्या दिवशी दुपारी राजा लवाजम्यासह कोटापाशी आला. चिमानं दगडांवर ओला गेरू फासला आणि फडक्यानं पुसून काढला. खाचांत लाल रंग उरला, आणि दगडादगडावर खुणा उमटल्या. मासा, विंचू, पळी, जोडवं!

"महाराज, आमच्यात प्रत्येकजण घडवलेल्या दगडावर आपली खूण कोरतो. एकाची मेहनत दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून. खूण घराण्यात चालते."

"तो विंचू माझ्या आजेसासऱ्याचा!" गर्दीतली एक म्हातारी ओरडली. "आमच्या उंबऱ्यावर अजून आहे, या बघायला!"

पंतांनी नाक मुरडलं. "ही तर चित्रं! नावं कुठायत?"

"पंत, महाराजांच्या शिक्क्यावर काय आहे हो?"

"सूर्य!"

"अक्षर?"

"एकही नाही. लागतंय कशाला? सूर्य दिसला की सगळं राज्य ओळखतं."

"वा! महाराजांचा सूर्य म्हणजे सही, आणि आमचा विंचू म्हणजे चित्र होय?"

पंतांनी हळूच यादी पाठीमागे लपवली.

राजानं मान उंचावून कोट न्याहाळला. "आणि माझ्या पणजोबांची खूण गं?"

"तो काय सूर्य, वेशीच्या माथ्यावर. कमान पुरी झाल्यावर वर नुसता बसवलाय. काढला तरी कोट हलायचा नाही, महाराज!"

धुळाप्पानं डोळेच मिटले. आणि राजा हसला! पागोटं घसरेपर्यंत हसला!

यादी तिथल्या तिथे फाडली गेली. धुळाप्पाला इनाम जमीन मिळाली, चिमाला सोन्याचा गोठ. आणि पंतांना? कोटाभोवती फिरून खुणा मोजायचं काम, तेही भर उन्हात! वेगवेगळ्या खुणा निघाल्या चारशे सतरा.

तेव्हा ही गोष्ट पुढे कुणाला सांगाल तर आकडा फुगवू नका, एकालाही गाळू नका. चारशे सतरा! हिशेब चोख ठेवा, मंडळी.