ढोलेकाका, टिल्लीची वाट सोडा

एक सूर्य होता, नवा नवा. त्याच्याभोवती धूळच धूळ, वाफच वाफ. आणि त्या धुळीत होती टिल्ली. टिल्ली म्हणजे गारगोटी. तुझ्या मुठीत मावेल एवढी.

टिल्लीची एक वाट होती. सूर्याभोवती गोल गोल. गिरगिर गिरगिर फिरायची. ऊन बेताचं. मजेत होती.

एकदा काय झालं, लांबून आले ढोलेकाका. ढोलेकाका म्हणजे भला मोठा ग्रह. गडगड गडगड आले आणि टिल्लीच्याच वाटेत बसले. टिल्ली टुणकन बाहेर.

वाट गेली ही काही साधी गोष्ट नाही. तिथं ज्याला वाट नाही, तो सूर्याकडे घसरतो. घसरत घसरत जातो, आणि सूर्य त्याला गिळतो. चावतसुद्धा नाही.

टिल्ली रडली का? थोडी रडली. मग उठली.

"ढोलेकाका, ढोलेकाका, सरका.
मला वाट मिळत नाही."

काका म्हणाले, मला पुढे यायला येतं, मागे जायला येत नाही. धाकट्याने हात धरला तर सरकेन.

काका असले म्हणून काय झालं? दुसऱ्याच्या वाटेत बसू नये. पण बसले होते खरे.

सर्रर्र. टिल्ली थोडी घसरली. ऊन लागलं.

टुणुक टुणुक, टिल्ली गेली धाकटेकाकांकडे. धाकटेकाका म्हणजे ढोलेकाकांचे भाऊ. अगदी हडकुळे.

"धाकटेकाका, धाकटेकाका, हात धरा.
ढोले सरकत नाहीत,
मला वाट मिळत नाही."

धाकटे म्हणाले, माझ्या हातात जोर कुठाय? वायूमामा पोटात आले तर धरेन.

सर्रर्र. टिल्ली आणखी घसरली. ऊन चटचट लागलं.

टुणुक टुणुक, टिल्ली गेली वायूमामांकडे. वायूमामा नुसते इकडून तिकडे वाहत होते. सूं सूं सूं.

"वायूमामा, वायूमामा, पोटात जा.
धाकटे हात धरत नाहीत,
ढोले सरकत नाहीत,
मला वाट मिळत नाही."

मामा म्हणाले, अशा हलक्या माणसाकडे मी टिकायचा नाही. धूळमावशीने धाकट्यांना जड केलं तर जाईन.

सर्रर्र. टिल्ली आणखी घसरली. पोटाला चटका बसला.

टुणुक टुणुक, टिल्ली गेली धूळमावशीकडे. मावशी उडत होती. भुरभुर भुरभुर.

"धूळमावशी, धूळमावशी, धाकट्यांना चिकट.
मामा पोटात जात नाहीत,
धाकटे हात धरत नाहीत,
ढोले सरकत नाहीत,
मला वाट मिळत नाही."

मावशीने अंग झटकलं. म्हणाली, मी पडले कोरडी. चिकटू कशाने? बर्फआत्या अंगाला लागली तर चिकटेन.

बर्फआत्या राहते लांब, गारठ्यात. तिकडे जायचं म्हणजे चढ. टिल्लीने दात आवळले आणि चढली. टुणुक. सर्रर्र. टुणुक. सर्रर्र. टुणुक टुणुक टुणुक. पोचली एकदाची.

"बर्फआत्या, बर्फआत्या, मावशीला लाग.
मावशी चिकटत नाही,
मामा पोटात जात नाहीत,
धाकटे हात धरत नाहीत,
ढोले सरकत नाहीत,
मला वाट मिळत नाही."

आत्या म्हणाली, मी येईन गं. पण मावशी उन्हात. उन्हात माझी वाफ होते. कुणी सावली केली तर येईन.

आता कुणाकडे जायचं? टिल्लीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणीच उरलं नव्हतं.

"मी करते सावली," टिल्ली म्हणाली.

आत्या हसली. "तू एवढीशी. तुझी सावली ती केवढी?"

"चिमूटभर. मग तू चिमूटभर ये."

आत्या हसायची थांबली. चिमूटभर आली.

उन्हाकडून टिल्ली, सावलीतून आत्या. उतारावरून निघाल्या दोघी. टिल्लीचं पोट भाजलं. टिल्ली हटली नाही. पोट भाजलं तरी हटली नाही.

आत्या मावशीला लागली.
मावशी चिकटली. चिक.

चिकटलेल्या मावशीची सावली जरा मोठी पडली. त्या सावलीतून आणखी आत्या आली. आणखी मावशी चिकटली. चिक. चिक. चिक चिक चिक.

आणि टिल्ली? टिल्ली घसरत होती. सर्रर्र. सर्रर्र. सूर्याने तोंड उघडलं. आ.

मावशी धाकट्यांना चिकटली. धाकटे जड झाले. धप्प.
मामा पोटात गेले. सूं सूं सूं, सगळे पोटात.
धाकटे फुगले, हातात जोर आला.
धाकट्यांनी हात धरला.
ढोले सरकले.

सरकले बरं का. गडगड गडगड, दोघे भाऊ हातात हात घालून मागे मागे निघाले. ढोले एवढे मोठे, की जाता जाता त्यांची ओढ टिल्लीला लागली. सूर्याच्या तोंडापासून टिल्ली ओढली गेली. सुंईई. मागे, मागे, आणखी मागे.

आणि थेट आपल्या वाटेवर.

सूर्याने तोंड मिटलं. ढोलेकाका लांबून म्हणाले, चुकलंच माझं, पोरी. टिल्ली म्हणाली, हो, चुकलंच.

वाट मोकळी होती. ऊन बेताचं होतं. भाजत नव्हतं, गारठत नव्हतं. कुणी ढकलत नव्हतं. टिल्लीने पोट गार होऊ दिलं.

"हुश्श," टिल्ली म्हणाली.

आणि लागली फिरायला. गिरगिर, गिरगिर, गिरगिर.