खुंटीवरचे राज्य

त्या राज्यात कोणी मरत नसे.

राज्य दाराच्या मागे होते, एका खुंटीवर टांगलेले. साड्यांच्या दुकानातून कोणे एके काळी आलेली एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी, तिला सगळे थोरली म्हणत. आणि तिच्या पोटात घड्या घालून बसलेल्या लहानमोठ्या पिशव्या, पुडे, पाकिटे ही तिची प्रजा. कायदा एकच होता. जे चांगले आहे ते वापरायचे नाही, जपून ठेवायचे. अधूनमधून वरून दोन हात येत आणि जे वरच्यावर सापडेल ते उचलून नेत. तळाशी असलेल्यांना हातांचा स्पर्श कधी होत नसे, म्हणून तळ हीच मानाची जागा समजली जाई.

जो फाटे, तो गावाबाहेरच्या कचऱ्याच्या टेकडीवर जाई. टेकडीवरून कोणी परतले नव्हते, पण वारा बातमी आणीच. तिथेही कोणी मरत नाही म्हणे. नुसते पडून असतात, एकमेकांच्या अंगावर, उन्हात, पिढ्यानपिढ्या.

थोरलीला सगळ्यांची चौकशी असे. नवे कोणी पोटात शिरले की आधी विचारणार, कुठली तू, काय आणलेस, ओले की कोरडे, आहेराचे काही होते की नुसते कांदे? उत्तर मिळाले की मग मायेने जागा करून देई. बिनाचौकशीची माया तिला जमत नसे.

एके सकाळी एक पिशवी आली. अंगाने मऊ, रंगाने फिकी, चकाकी नावाला नाही. आणि वास पिठाचा.

"काय आणलंस गं?" थोरलीने विचारले.

"वांगी आणली होती, काकू."

"मग हा वास कसला?"

"माझाच. मी मक्याची आहे."

"मका पण आणलास होय?"

"आणला नाही काकू. मक्यापासूनच झाले मी. नाव कणसी. काम झालं की मातीत जायचं आणि संपायचं."

पोटात एकदम शांतता झाली. फरसाणाचा एक रिकामा पुडा होता, कडकडे नावाचा, तो झोपेतही वाजे. तोसुद्धा वाजायचा थांबला. संपणे हा शब्द तिथे कोणी ऐकलाच नव्हता.

पहिला भानावर आला तो कडकडेच. "म्हणजे कच्चा माल! दोन टोमॅटो घातले की बाईसाहेब बसतील खाली."

"पाच किलो उचलते. घालून बघा," कणसी म्हणाली. "फक्त कोरड्यात फार दिवस टिकत नाही. वर्षभरात माती लागली तर बरं. नाही लागली तर इथंच तडकेन, चुरा होईल, आणि झाडूबरोबर जाईन. मग मक्यातून येण्याला काही अर्थच नाही उरणार."

थोरलीला यातले अर्धेच ऐकू आले. लेकरू नाजूक आहे, तडकते, एवढे तिने धरले. तिने सगळ्या प्रजेला सरकवले आणि कणसीला अगदी तळाशी, कोरड्या उबदार घडीत नेऊन ठेवले. आहेरातली पिशवीसुद्धा तिने इतकी जपली नव्हती.

दिवस गेले. पूर्वी असे पाहुणे कधी येत नसत. आता दर बाजारच्या दिवशी एखादा तरी येऊ लागला. कोणी उसाच्या चोथ्याचा, कोणी बटाट्याची, कोणी साबुदाण्याच्या कंदाची. ते सांगत, बाहेर आता आमच्या रांगाच्या रांगा लागतात, लोक मागून घेतात. जुनी मंडळी तोंडात बोट घालून ऐकत. ज्यांना शेवट आहे त्यांना एवढी मागणी कशी, हे त्यांना कळेना. पण त्या पाहुण्यांच्या शेजारी बसले की एरवी बडबडणाऱ्या पिशव्याही आवाज खाली घेत.

त्यांच्यातच एक पर्णराव आले. तकतकीत पाकीट, छातीवर हे एवढे हिरवे पान छापलेले.

"तुम्ही कशाचे?" थोरलीने विचारले.

"निसर्गाचा," पर्णराव म्हणाले आणि पान पुढे केले.

"ते झालं हो. पण मक्याचे, उसाचे, कशाचे?"

"सगळ्याचाच थोडा थोडा," असे म्हणून ते घाईने वरच्या जागेवर जाऊन बसले.

मग एका दुपारी थोरलीला पोटात बारीकसा आवाज आला. टच्. कणसीला पहिली चीर पडली होती.

"काकू, मला वर घ्या."

"वर गेलीस तर हात नेतील गं."

"त्यासाठीच आले होते."

थोरलीला राग आला. "एवढं जपलं तुला! उंदराचा दात नाही लागू दिला, ओल नाही लागू दिली."

"तेच तर, काकू. ओल नाही लागू दिलीत."

 मग थोरलीने हळूच, जरा लाजतच विचारले, "भीती नाही वाटत तुला? संपायची?"

"मला आठवतं ना सगळं. मी तुरा होते, वाऱ्यावर हलायचे. मग दाणा झाले. दुधाचा दाणा, पोपट टोच मारायचे. त्याच्याही आधी मी माती होते. जिथून आलो तिथं जायला कसली भीती? तुम्हाला नाही आठवत तुमचं?"

तिला तिचे कुळ कधी कोणी विचारलेच नव्हते. सगळ्यांची कुळे विचारणारी थोरली स्वतःत डोकावली. आधी दुकान आठवले. त्यामागे यंत्राची धग. त्यामागे काळोख, त्यातले काळे तेल, डोंगरांच्या डोंगरांचे वजन, मोजता न येणारा काळ. आणि त्या काळोखाच्याही पलीकडे, अगदी पुसट, उथळ पाणी होते. पाण्यावर ऊन होते. आणि त्या उन्हात ती स्वतः, काहीतरी इवलेसे, हिरवे.

 म्हणजे ती अमर नव्हतीच. ती फक्त वाटेत अडकली होती.

टच्. दुसरी चीर.

थोरलीचा एक बंद कधीचा विरला होता. तो तिने दुसऱ्या बंदावर भार देऊन सांभाळला होता. फाटलेल्याची जागा टेकडीवर, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? तिने एकवार सगळ्या प्रजेवरून नजर फिरवली आणि सगळा भार विरलेल्या बंदावर टाकला.

"काकू, काय करताय!" कडकडे ओरडला.

बंद तुटला. राज्य जमिनीवर सांडले. तळाचे वर आले, वरचे तळाशी गेले, आणि सगळ्यांच्या वर, दोन चिरांनिशी, कणसी.

हात आले. त्यांनी कणसीला उचलले, तिच्यात भोपळ्याची साले भरली, बियांसकट. शेजारी पर्णराव दिसले, त्यांच्यावरचे पान दिसले, तेही घेतले. आणि फाटकी थोरली जाता जाता काखेत मारली.

हात गच्चीवर गेले. तिथे खतासाठी मातीने भरलेले एक पिंप होते. त्यात कणसी गेली, पर्णराव गेले, वर ओला पाला पडला. खालून पाणी झिरपे, म्हणून थोरलीला पिंपाखाली अंथरले. टेकडी काही दिवस लांबली होती.

तिथून तिला सगळे ऐकू येई. पहिल्या आठवड्यात कणसी बोलत होती. "ऊब आहे, काकू." मग शब्द तुटक झाले. मग नुसता एक सुस्कारा, जसा तव्यावरून भाकरी उतरताना येतो. सकाळी पिंपातून वाफ निघे. गांडुळे संथपणे, देवळात फिरावे तशी फिरत. थोरलीने आयुष्यात इतके बोलके असे काही ऐकले नव्हते, आणि इतके शांतही.

पावणेतीन महिन्यांनी हातांनी पिंप उपसले. माती काळी, भुसभुशीत. कणसी कुठेच नव्हती. थोरलीने कण न् कण पाहिला. नव्हती, आणि सगळीकडे पिठाचा वास होता. मग मातीतून पर्णराव निघाले. जसेच्या तसे. पान तर धुऊन आणखीच हिरवे दिसत होते.

"माझी पाळी अजून यायची आहे," ते म्हणाले. हातांनी त्यांना झटकून टेकडीच्या ढिगात टाकले.

आता थोरलीची पाळी. हातांनी तिला उचलले, उलटसुलट पाहिले. मग तिच्या तळाला बोटाने एक भोक पाडले आणि तिच्यात ती काळी माती ओतली, काठोकाठ.

इतकी वर्षे घड्याच सांभाळलेल्या त्या पोटात काही दिवसांनी काहीतरी हलले. थोरलीने सवयीप्रमाणे विचारले, "कोण गं? कुठली तू?"

उत्तर आले नाही. वर दोन जाड हिरवी पाने उघडली. आणि खाली, तिच्या तळाच्या भोकातून, एक पांढरे बारीक मूळ बाहेर आले आणि गच्चीची फरशी चाचपू लागले.