कयाकची पाठमोरी स्वारी

“माझी कयाक होडी अठरा फुटांची आणि तुझ्या पिकअपचा हौदा आठ फुटांचा. उद्या दुपारपर्यंत ती खाडीवरून माझ्या तळ्यावर आली पाहिजे. पण याद राख, गाडी जाताना तिच्या मागे वीतभरही काही लोंबता कामा नये!”

एवढं बोलून रावसाहेब मिशीत हसले. कुंभेरीचं राज्य कधीच गेलं होतं. पण टेकडीवरचा महाल, त्यामागचं तळं आणि खाली खाडीवरचा दगडी धक्का अजून त्यांचाच होता. हट्टसुद्धा राजाचाच!

समोर उभ्या असलेल्या वैजू तांडेलला धक्क्याच्या फाटकाची किल्ली हवी होती. पाहुण्यांना मासळीचा वास आला म्हणून रावसाहेबांनी महिन्यापूर्वी त्याला कुलूप ठोकलं होतं. तेव्हापासून कोळीवाड्यातल्या बायका मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखल तुडवत होत्या. वैजूची आई परवाच त्यात घसरली आणि पाय मोडून घरी बसली.

“टपावर चढवली तर, सरकार?”

“अजिबात नाही! पाळण्यातल्या बाळासारखी हौद्यात झोपून आली पाहिजे. गेल्या आठवड्यात एका टेम्पोमागे बांबू लोंबत होते. माझ्या मोटारीचा दिवा फोडला मेल्यांनी!”

“आठ जणांनी खांद्यावरून आणली तर?”

“गाडीतूनच!”

“मधोमध कापून...”

“खबरदार!”

शेजारी उभे असलेले दिवाणजी खुदकन हसले. “पोरी, घरी जा आणि मासे तळ.”

“छे छे, दिवाणजी,” रावसाहेब म्हणाले, “होडीवाल्यांची पोर आहे ती! आण की तुमच्या रीतीनं. आणलीस तर किल्ली तुझी. नाही आणलीस तर कुलूप कायमचं!”

वैजूचे डोळे लुकलुकले. “आमच्या रीतीनं चालेल, सरकार?”

“चालेल काय, पळेल!”

“आणि मागे काही नको ते गाडी जाताना. जाताना ना?”

“जाताना, जाताना! बहिरी आहेस का?”

“नाही सरकार. नीट ऐकलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ गड्यांनी ती धुडासारखी लाकडी कयाक हौद्यात सरकवली. आठ फूट आत गेली, दहा फूट बाहेर राहिली. वैजूचे वडील हरबा यांनी कपाळावर हात मारला आणि सवयीने बाहेरच्या टोकाला लाल फडकं बांधायला घेतलं.

“बाबा, ते फडकं सोडा.”

“अगं, मागून येणाऱ्याला दिसायला नको?”

“मागून येणाऱ्याला बॉनेट दिसेल!”

हरबांनी बॉनेटकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं. मग एकदम हसत सुटले. “कार्टे, हे तुला सुचलं तरी कसं?”

“तुमच्याकडे बघून! आता चढा होडीत. केबिनकडच्या टोकाला वाळूची चार पोती टाकलीत, त्यांवर बसा. होडी कलंडायला नको. आणि मला रस्ता सांगा.”

दोरखंड आवळले. वैजूने रिव्हर्स गिअर टाकला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि गाडी कुंईऽऽ करत चढाला लागली. शेपटीकडून!

“डावीकडे घे! म्हस आहे!” हरबा ओरडत होते. “आता उजवीकडे! हळू, तिकडे जोशी मास्तर आहेत!”

वळणावर एसटी थांबली. कंडक्टरने डोकं बाहेर काढलं. “काय गं वैजू, येतेयस की जातेयस?”

“पोचले की सांगते!”

महालाच्या फाटकात दिवाणजी टेप घेऊन उभेच होते. आधी झाडीतून कयाकचं नाक आलं. ते पाहून दिवाणजी टाळ्या पिटत नाचायलाच लागले.

“लोंबतेय, सरकार! चांगली दहा फूट लोंबतेय!”

पुढे कयाक, तिच्यामागे हौदा, सगळ्यात शेवटी बॉनेट, अशी ती वरात फाटकातून आत शिरली आणि रावसाहेबांच्या खुर्चीसमोर थांबली. वैजू खाली उतरली.

“दिवाणजी, गाडी चाललीय कुठे?”

“तळ्याकडे.”

“मग तिच्या मागे जा आणि मोजा!”

दिवाणजी दोन पावलं चालले, थबकले, डोकं खाजवलं, आणि वळसा घालून बॉनेटपाशी गेले. टेप नंबरप्लेटला लावला. आवाज अगदी खाली आला.

“मागे... मागे काहीच नाही, सरकार.”

“लबाडी!” रावसाहेब उसळले. “अशी पाठमोरी जायची ही कुठली रीत?”

“आमचीच, सरकार! आमच्या होडीत वल्हं मारणारा कधी तोंड पुढे करून बसतो? त्याची पाठ पुढे, तोंड मागे, आणि होडी बरोबर किनाऱ्याला! तुम्हीच म्हणालात, तुमच्या रीतीनं आण!”

रावसाहेबांनी मिशी दाबून धरली. तरी ती थरथरलीच. मग ते असे खदाखदा हसले की तळ्यावरची बदकं उडाली.

“हरलो गं पोरी!” त्यांनी कमरेची किल्ली काढून तिच्याकडे फेकली. “धक्का तुमचा. आणि महालाचं सगळं सामान आजपासून तुझ्याच गाडीतून येणार. पण कृपा कर, यापुढे सरळ चालवत ये. बघून बघून माझी मान दुखली!”

किल्ली झेलून वैजू आपली अवघडलेली मान चोळत म्हणाली, “तुमची बघून दुखली, सरकार. माझी चालवून!”

आणि रावसाहेब पुन्हा हसत सुटले. या खेपेला दिवाणजींनाही हसावंच लागलं.