मथुरावहिनीची डबी

"ज्यानं औषध लावलंच नाही, त्याला ते लागू कसं पडावं, बुवा? तुम्हीच सांगा."

भालचंद्र वैद्यानं मठाच्या पायऱ्या चढता चढताच हे विचारलं. नमस्कार मागाहून केला, तोही उभ्या उभ्या.

नारोबुवांनी मान वर केली नाही. ओसरीवर आनशी म्हातारी पाय पसरून बसली होती आणि तिचा उजवा पाय बुवांच्या मांडीवर होता. बुवांची उजवी मूठ मिटलेली होती.

"बस," बुवा म्हणाले. "पाय होवंदे."

भालचंद्र बसला. त्याला बसायला आवडत नसे. तालुक्याच्या गावी त्याचा दवाखाना होता, दारात रांग असे, आणि रांगेतल्यांनी बसायचं असतं, वैद्यानं नव्हे, असं त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

बुवांच्या मुठीत काय आहे ते त्याला न बघता ठाऊक होतं. कोकमतेलाचा गोळा. रातांब्यांच्या सालीचं आमसूल होतं, रसाचं आगळ होतं, बिया मात्र लोक परसात फेकून देतात. त्याच बिया वेचून वाळवायच्या, फोडायच्या, कुटायच्या आणि पाण्यात उकळायच्या. पाणी निवलं की वर पांढरं तेल थिजतं. त्याचे लिंबाएवढे गोळे वळून ठेवले की वर्षभर घरातल्या टाचांची काळजी नको.

हा गोळा सगळं जग विस्तवावर धरून पातळ करतं. बुवा तो मुठीत धरून बसत. मऊ पडला की लावत, घट्ट झाला की पुन्हा धरून बसत. एका पायाला अर्धी दुपार जाई. तोवर ज्याचा पाय असेल तो माणूस काहीबाही बोलत राही आणि बुवा ऐकत राहत.

भालचंद्र सहा वर्षं इथं शिकला होता. सहा वर्षं त्याला या मुठीचा वैताग आला होता. दवाखाना घातल्यावर त्यानं पहिल्यांदा घेतली ती शेगडी आणि मोठं पातेलं. एका उकळीत दोनशे डब्या भरत. वर झाकण, झाकणाभोवती कागदाची पट्टी, पट्टीवर त्याचं नाव.

आनशीचा उजवा पाय झाला. बुवांनी तो अलगद खाली ठेवला.

"काय इचारी होतंस?"

भालचंद्रानं पिशवीतून एक डबी काढली आणि बुवांच्या पुढ्यात ठेवली. पट्टी शाबूत होती. त्याचं नावही.

"वहिनीच्या उशाखाली सापडली ही. तेराव्यानंतर. दोन महिने तिच्याजवळ होती आणि तिनं उघडून बघितली नाही, बुवा! टाच चिघळली, पाय सुजला, ताप भरला. मला निरोप आला तेव्हा शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी गेली..."

बुवांनी पट्टीवरचं नाव वाचलं.

मथुरावहिनीला ते ओळखत होते. आई गेली तेव्हा भालचंद्र चार वर्षांचा होता, आणि त्याला मांडीवर घेणारी ती वहिनी. पुढं भाऊही गेला. लोकांनी टाकलेल्या बिया वेचून, तेल काढून, गोळे विकून तिनं या दिराला वाढवलं आणि बारा वर्षांचा झाल्यावर हाताला धरून याच ओसरीवर आणून बसवलं. तेव्हाही तिच्या पायांत वहाण नव्हती.

"बाजारात लोक काय म्हणतात ठाऊक आहे?" भालचंद्राचा आवाज चढला. "दिव्याखाली अंधार, म्हणतात. ज्या वैद्यानं उभ्या तालुक्याच्या टाचा बऱ्या केल्या, त्याच्या घरचं माणूस टाचेनं गेलं! आता मी कुणाकुणाला ही डबी दाखवत फिरू? पट्टी फाडलेली नाही, बघा. यात माझ्या तेलाचा काय दोष?"

"तेलाचो दोष नाय," बुवा म्हणाले.

भालचंद्राला बरं वाटलं. हेच ऐकायला तो बारा कोस आला होता.

पण बुवा पुढं म्हणाले, "तू म्हणे पुस्तक लिवतंस. ह्या तेलाचे गुण."

"हो." त्यानं लगेच पिशवीतून वही काढली. दुःखातही माणसाला आपली वही सापडते. "जवळजवळ झालंच आहे."

"वाच बघूया."

"टाचांच्या भेगा. पहिला आणि मुख्य गुण."

"आणि?"

"थंडीत ओठ फुटतात त्यावर. हात उलतात त्यावर."

"आणि?"

"थोडंसं भाजलं, पोळलं, तर जखम निवल्यावर वरून लावायला. नाकपुड्या कोरड्या पडतात तेव्हा बोटभर. तान्ह्या मुलांची कातडी खरखरीत होते त्यावर. मुरडा होऊन पोट बिघडलं की ऊन भातावर थोडं घालून आपल्याकडे जुनी माणसं देत, तेही लिहिलंय. खरं-खोटं तपासायचं आहे, असं खाली नमूद केलंय."

"ता बरा केलंस. आणि?"

"मलमांत मेणाऐवजी. बाकीचे बारीकसारीक धरून सतरा झाले एकूण." त्यानं वही मिटली. "संपले."

"एक रवलो."

भालचंद्रानं चटकन वही उघडली. पेनाचं टोपण काढलं. बुवा सहजासहजी काही सांगत नसत, आणि सांगितलं तर ते वाया जाणारं नसे.

"सांगा."

"असो नाय. त्या खांबाक टेकून बस. पाय पसर. आनशीसारखे."

भालचंद्र खांबाला टेकून बसला. बुवा उठले, खांद्यावरचा पंचा काढला, आणि त्याच्या छातीवरून घेऊन खांबाला करकचून गाठ मारली. आनशी तोंडाला पदर लावून हसली.

"बुवा, हे काय? चोराला बांधतात तसं?"

"ढोपरां मोडू नको," बुवा म्हणाले. ती डबी उचलून त्यांनी त्याच्या हातात दिली. "आता लाव. टाचेक."

भालचंद्र हसला. म्हाताऱ्या गुरूची लहर, दुसरं काय! त्यानं हात पुढं केला. हात गुडघ्याच्या जरासा खाली पोचला. त्यानं नेट लावला. पंचा छातीत रुतला.

टाच तिथंच होती. स्वतःचीच. दीड हातावर.

"पोचत नाही."

"लाव."

"पण पोचत नाही, बुवा! पाठ वाकल्याशिवाय, नाहीतर गुडघा मोडल्याशिवाय कसं..."

तो थांबला.

अंगणात आनशीनं वाळत घातलेल्या बिया होत्या. त्यांत एक कोंबडी पाय खरडत होती आणि तिला कुणी हाकललं नाही.

"तुझ्या वैनीची ढोपरां कशी होती?" बुवांनी विचारलं.

"...धरलेली."

"आणि पाठ?"

"सरळच राहायची. खाली वाकता येत नसे." आवाज आता अगदी खाली आला होता. "चार वर्षं. मीच तिला तपासलं होतं. मीच लिहून ठेवलं होतं कागदावर."

"घरात दुसरा कोण?"

"कुणी नाही."

बुवांनी गाठ सोडली नाही. भालचंद्रानंही सोडा म्हटलं नाही.

मग तो आपणहून बोलू लागला. तोडत तोडत.

"ती दवाखान्यात आली होती, बुवा. मार्गशीर्षात. एस.टी.नं दोन तास आली आणि रांगेत बसली. मी ओरडलोच तिच्यावर. म्हटलं, वहिनी, तू रांगेत? निरोप पाठवला असतास तर घरी डबी पोचवली असती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझ्या हातान घेवचा म्हटलंय."

बुवांनी त्याच्या हातांकडे पाहिलं.

"मला वाटलं, डबी. मी डबी हातानं दिली. एक नाही, दोन देत होतो. तिनं एकच घेतली." त्यानं डोळे मिटले. "समोर स्टूल असतं. तिनं त्यावर पाय ठेवला होता. लुगडं थोडं वर घेतलं होतं. मी खुर्चीतूनच पाहिला. म्हटलं, दिवसातून दोनदा लाव, आठ दिवसांत फरक पडेल... तिनं पाय तसाच ठेवला होता, बुवा. बराच वेळ ठेवला होता. मी पुढच्याला हाक मारली तेव्हा खाली घेतला."

"मगे?"

"बरा, भालू, येतंय, म्हणाली. आणि गेली."

आनशीनं पदर तोंडावरून काढला. ती आता हसत नव्हती.

"थंडीत माझे ओठ फुटायचे," भालचंद्र म्हणाला. तो आता बुवांशी बोलत होता की स्वतःशी, कुणास ठाऊक. "चूल पेटलेली असायची समोर. तरी ती गोळा मुठीत धरायची. विस्तवावरचं पोळेल म्हणायची. मी कंटाळायचो. चुळबुळ करायचो. एका हातानं मला धरून ठेवायची आणि दुसऱ्या हातात गोळा..."



पन्नाशी उलटलेला, तालुक्यात नाव असलेला वैद्य खांबाला बांधलेला होता आणि लहान पोरासारखा रडत होता. आपण चुकलो हे माणसाला कळतं, पण ते ज्याला सांगायचं तो तेव्हा ऐकायला नसतो. याहून मोठी शिक्षा कुठल्या शास्त्रात असेल असं वाटत नाही.

बुवांनी त्याला रडू दिलं. समजूत घातली नाही. मग उठून त्यांनी पंच्याची गाठ सोडली आणि पंचा झटकून पुन्हा खांद्यावर टाकला.

"आता काय करू, बुवा?" भालचंद्रानं विचारलं. "कुणाच्या पायाला लावू? ती तर..."

बुवांनी डबी घेतली. नखानं कागदाची पट्टी फाडली. आत तेल होतं तसं होतं, पांढरं आणि घट्ट. वर बोटाची खूणसुद्धा नव्हती. बुवांनी नखानंच त्यातला सुपारीएवढा गोळा काढला आणि भालचंद्राच्या तळहातावर ठेवला.

मग आनशीकडे बोट केलं.

"डावो पाय रवलो हा."

भालचंद्रानं आधी दोन्ही हातांनी तोंड पुसायचं म्हटलं, पण एका हातात गोळा होता. तो तसाच उठला आणि आनशीसमोर जाऊन मांडी घालून बसला. तिचा डावा पाय उचलून त्यानं आपल्या मांडीवर घेतला. पायाला फारसं वजन नव्हतं. टाचेला आडव्या चार भेगा होत्या, एक खोल, काळी.

दोनशे डब्यांच्या उकळ्या त्यानं काढल्या होत्या, सतरा गुण लिहिले होते. पण टाच अशी मांडीवर घ्यायला त्याला किती वर्षं झाली होती ते त्याला आठवेना.

त्यानं मूठ मिटली.

वेळ गेला. त्यानं मूठ उघडून पाहिली. गोळा होता तसाच. पुन्हा मिटली.

अंगणातल्या बियांवर फणसाची सावली आली. खाली पाणंदीतून कुणीतरी गुरं घेऊन गेलं. कोंबडी पोट भरून निघून गेली.

"हात थंडगार आसा, बाबा, तुमचो," आनशी हळूच म्हणाली. पाय मात्र तिनं काढून घेतला नाही.

भालचंद्रानं दुसऱ्या हाताची मूठ त्या मुठीवर धरली. दोन्ही हात छातीशी घेतले. गोळा बोटांना दगडासारखा लागत होता. त्यानं बुवांकडे पाहिलं. शहरातली इस्त्रीची भाषा त्याच्या तोंडातून कधी गळून पडली ते त्यालाही कळलं नाही.

"बुवा... वितळणा नाय."

नारोबुवा सूप घेऊन अंगणात उतरले होते, बिया गोळा करायला. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"धरून रव."